हार्लन बुझेलची खुर्ची

हार्लन बुझेल मी शिकवायचे त्या सहावीच्या वर्गात होता. एका सोमवारी तो शाळेत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर रक्त होतं, आणि ते त्याचं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ वेंडल त्या दिवशी शाळेत आलाच नाही. बुधवारी आला, तेव्हा त्याच्या डाव्या कानाची पाळी जागेवर नव्हती.

घरात व्हायोलिन एक आणि मुलगे दोन. बाप एबन लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता आणि शनिवारी गावच्या सभागृहात नाचाला वाजवायचा. मुलांना त्यानेच शिकवलं. सूर चुकला की गजाची काडी पेरांवर, ताल चुकला की बुटाचं टोक नडगीवर. एका रविवारी त्याने दोघांना गोठ्यात नेलं, व्हायोलिन खुंटीला टांगलं आणि म्हणाला, "एक वाद्य दोघांना पुरायचं नाही. शेवटी जो उभा असेल त्याचं." मग दाराला टेकून पाइप ओढत उभा राहिला. वेंडल चौदाचा, हार्लन बाराचा. वेंडलने त्याला दोनदा शेणात पालथं पाडलं आणि तिसऱ्यांदा छातीवर बसून बुक्क्या घातल्या. हार्लनच्या तोंडाशी जे आलं ते त्याने दातांत धरलं आणि सोडलं नाही. शेवटी उभा राहिला तो हार्लन.

हे सगळं मला हार्लननेच सांगितलं, पण चाळीस वर्षांनी. त्या सोमवारी मी फक्त त्याची कॉलर नळाखाली धुवायला लावली होती.

एबन पुढे गिरणीतच ओंडक्याखाली मेला आणि सभागृहातल्या मंचावरची त्याची खुर्ची हार्लनकडे आली. शेजारी पियानोवर मी. त्याच्याइतका पक्का ताल मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. वाजवताना दोन्ही टाचा फळीवर आळीपाळीने आपटायच्या, आणि तिथे खरोखरच दोन खड्डे पडले होते. शनिवारी दुपारी नव्या मुलांना तो व्हायोलिन शिकवायचा. एकाही मुलाच्या बोटांना त्याने कधी काडी लावली नाही. कुणी फारच बेसूर वाजवलं तर खिडकीशी जाऊन बाहेर बघायचा, इतकंच.

बाकी आठवडाभर मात्र तो बापाचाच मुलगा होता. गिरणीतल्या मुकादमाचं नाक त्याने फोडलं. बर्फात गाडी आडवी घातली म्हणून एका दूधवाल्याला खेचून बाहेर काढलं आणि गाडीच्याच दारात त्याची बरगडी मोडली. बायकोला, जनीनला, त्याने कधी बोट लावलं नाही. पण एकदा राग आला म्हणून स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं. तिने ते पडलेलं दार ओलांडलं आणि बहिणीकडे निघून गेली. मला म्हणाली, "बाई, त्याने मला मारलं नाही हे खरं. पण घरातली दारं संपत आली होती."

म्हणजे त्याच्याकडे उरली ती खुर्ची.

नोव्हेंबरमध्ये नाचानंतर सगळे जेवायला बसले होते. शिजवलेल्या घेवड्याची ताटं, तपकिरी पाव. वेंडल वर्षाकाठी एखाद्या वेळी यायचा. तो समोरून म्हणाला, "माझं व्हायोलिन आज बरं वाजत होतं."

"तुझं?" हार्लन म्हणाला.

"कान देऊन घेतलंय मी ते. तू फुकट वापरतोयस."

हार्लनने टेबलावरूनच त्याला दोन ठोसे मारले. दुसऱ्या ठोशाला वेंडलचे पुढचे दोन दात घेवड्यात पडले. बायका मुलांना घेऊन भिंतीशी सरकल्या. वेंडलने ताटातून दात वेचले, रुमालात बांधले आणि निघून गेला.

सभागृहाच्या तिघा पंचांनी हार्लनला बोलावलं. थर्झा कॉलिन्स तिथे होतीच. ती नाच शिकवते आणि नाच चालू असताना पुढची हालचाल मंचावरून पुकारते. अंगाने काडी, पण आवाज दरीपलीकडे जाईल असा.

"याला काढून टाका," एक पंच म्हणाला.

"काढू," थर्झा म्हणाली. "पण त्याआधी मला सहा शनिवार द्या. हार्लन, पंचवीस वर्षं तू वर बसलास. खाली एकदा तरी उतरलास का?"

"मी वाजवतो. नाचत नाही."

"म्हणून तुला माणसांची नुसती टाळकी दिसतात. सहा शनिवार तू खाली नवशिक्यांच्या रांगेत उभा राहायचं. प्रत्येकाचा हात धरायचा. सहावा संपला की खुर्ची तुझी. मध्ये कुणावर हात उगारलास, तर जन्मात तुझी नाही."

"लागलाच पाहिजे असं नाही," पंच म्हणाला. "नुसता उगारला तरी."

पाच शनिवार हार्लन खाली नाचला. आमच्या नाचात दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. प्रत्येक जोडी समोर आलेल्या जोडीबरोबर ठरलेल्या फेऱ्या घेते आणि एक जागा पुढे सरकते. गाणं संपेपर्यंत रांगेतल्या सगळ्यांशी गाठ पडते. नकोसा माणूस टाळून पुढे जाता येत नाही, कारण जागा सोडली तर मागची सगळी रांग कोलमडते. थर्झा नव्या लोकांना सांगायची, "हात धरलात की मागे रेला. तुमचा भार समोरच्याला पेलू दे, त्याचा तुम्ही पेला." हार्लनला ते जमेना. तो ओंडका धरावा तसा माणसांना धरायचा. जोडीला थर्झाने त्याला ऑलिव्ह पर्ली दिली होती. एक्क्याऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेली, आणि सभागृहात साठ वर्षं नाचलेली. ती म्हणायची, "अरे, मी पळून जात नाहीये. कुठे जाणार या वयात?"

सहाव्या शनिवारी वेंडल आला. तिकडच्या टोकाला, रांगेत, पुढचे दात नसलेला.

हार्लनने त्याला पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवातीचे ठोके दिले. त्याच्या खुर्चीवर त्या दिवशी एक कॉलेजातली मुलगी वाजवत होती, आणि बरं वाजवत होती.

रांग सरकू लागली. दोघं भाऊ दर वेळी एकेक जोडी जवळ येत होते. आठ जोड्या मध्ये, मग पाच, मग दोन. सगळ्या सभागृहाला ते दिसत होतं. थर्झा पुकारत होती आणि तिचा आवाज मुद्दाम एका पट्टीत होता.

"दोघे पुरुष, डावे हात, एक फेरी."

आठ मात्रांची ती फेरी. तळवा तळव्यात घेऊन मागे रेलायचं आणि फिरायचं. वेंडलने तळवा धरला नाही. त्याने हार्लनची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट धरलं आणि पहिल्याच मात्रेला उलटं वाकवलं. व्हायोलिनच्या तारांवरची ती बोटं. हार्लनचं तोंड उघडलं. पाय चालत राहिले. वेंडल त्याच्या कानाशी म्हणाला, "फिर. चांगला फिर." चौथ्या मात्रेला ओल्या शेंगेसारखा आवाज झाला. मग परत एकदा. वेंडलने मोडलेली बोटं सोडली नाहीत, कातडं फाटेपर्यंत पिळली. मग हार्लनचा उजवा हात वर गेला, मूठ वळलेली, पार खांद्याच्या वर. ती मूठ मी ओळखत होते. ती खाली आली असती तर वेंडलचा जबडा राहिला नसता.

पंच जागेवरून उठले होते. मी वाजवणं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. इतक्या वर्षांत मधेच थांबले नव्हते, हात थांबलेच नाहीत.

तेवढ्यात फेरी संपली आणि ऑलिव्ह पर्ली समोरून आली. आमच्याकडे जोडीदाराने हात उंच धरला की बाईने त्याखालून गिरकी घ्यायची असते. ऑलिव्हने साठ वर्षं तेच केलं होतं. तिने तो वर गेलेला हात पाहिला, आपला हात त्या मुठीवर ठेवला आणि सावकाश, गुडघे सांभाळत, त्याखालून फिरली.

हार्लन तिच्याकडे बघतच राहिला. मूठ तशीच वर. ऑलिव्ह म्हणाली, "उघड की जरा. बोटं अडकतात माझी." त्याने मूठ उघडली. मग तिने त्याला धरून गिरकी घेतली, आणि पुढची जोडी आली, आणि तिच्यामागची. हार्लन ते गाणं पूर्ण नाचला. ज्याने ज्याने त्याचा डावा हात धरला त्याच्या तळव्याला रक्त लागलं. गाणं संपल्यावर तो लाकडी बाकाच्या मागे जाऊन ओकला. वेंडल तोवर दारातून बाहेर पडला होता.

पंच ऑलिव्हकडे गेले.

"मिसेस पर्ली, त्याने हात उगारला होता. आम्ही पाहिलं."

"त्याने मला फिरवलं," ऑलिव्ह म्हणाली. "वाईट फिरवलं. पण फिरवलं."

"मूठ होती ती."

"त्याला अजून नीट येत नाही. थर्झाला विचारा, सहाच शनिवार झालेत."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टोप्या घातल्या. ऑलिव्हला खरंच गिरकी वाटली होती की काय, हे मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने मला चहा ओतायला सांगितलं.

बोटं दोन ठिकाणी मोडली होती. डॉक्टरांनी ती पट्टीला बांधली. करंगळी परत सरळ झाली नाही. हार्लनला खुर्ची मिळाली आणि वाजवायला हात मिळाला नाही. तरी पुढच्या शनिवारी तो येऊन खुर्चीवर बसला. कॉलेजातली मुलगी शेजारी उभी राहून त्याचंच व्हायोलिन वाजवत होती, आणि तो त्या दोन खड्ड्यांत टाचा आपटून तिला ताल देत होता. सगळा हिवाळा तो तसाच बसला.

मार्चमध्ये, रस्ते चिखलाचे झाले तेव्हा, वेंडल पुन्हा आला आणि रांगेत उभा राहिला. कुणी त्याला हाकललं नाही. मीही नाही. रांग सरकत सरकत तो मंचाखाली, हार्लनच्या गुडघ्यांपाशी आला. वरच्या टोकाला पोचलेली जोडी एक फेरी नुसतीच थांबते. तो थांबला. त्याने हार्लनच्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं. हार्लनने त्याच्या कानाकडे पाहिलं.

"तालात घाई करतोयस," वेंडल म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत आले. "लहानपणापासून करतोस. बाप उगाच मारायचा नाही."

हार्लनचा उजवा हात मांडीवर मिटला. मी पियानोवरून नजर काढली नाही, पण टाचा ऐकत होते.

त्या चुकल्या नाहीत. गाण्याच्या दोन ओळींनंतर किंचित, अगदी किंचित, सावकाश झाल्या.