तुमच्या घरात काय वाजतं?

नागनाथअप्पांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा रागात होतो. धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि भाड्याचं घर शोधत होतो. त्या आठवड्यात तीन घरांनी मला परत पाठवलं होतं. तिन्हीकडे बोलणं सारखंच. या, बसा, पाणी घ्या, गाव कोणतं, माकणी का, धरणाजवळचं, बरं बरं. मग हळूच, "आडनाव?" आम्ही बौद्ध. आडनावावरून ते कळतं, आणि कळावं म्हणूनच विचारलं जातं. ते सांगितलं की त्या घराला अचानक रंग द्यायचा राहिलेला असायचा, नाहीतर मालकाचा पुतण्या शिकायला येणार असायचा. शेवटी कुणीतरी सांगितलं, बसस्थानकामागच्या गल्लीत अप्पा म्हणून एक एजंट आहेत, त्यांच्याकडे जा.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि भिंतीला प्लॉटचे नकाशे, मागच्या खोलीत सतरंजी, पेटी, तबला आणि फळीवर एक ढोलकी. मी उभ्या उभ्याच नाव, गाव आणि आडनाव एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, काय व्हायचं ते लवकर होऊ दे. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात काय वाजतं?"

मला वाटलं, रेडिओचं विचारतायत. मग उमगलं. म्हणालो, गावात आमची गायन पार्टी होती, जयंतीला गावोगाव जायचो, मी ढोलकीवर असायचो. अप्पा उठले, फळीवरची ढोलकी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "वाजवा." रागातच वाजवली, त्यामुळे बरी वाजली असावी. अप्पा मूळचे मुरुमचे. मनासारखं काही झालं की त्यांच्या तोंडून कानडीतला होकार निघतो. तेव्हाही निघाला. "हौदु!"

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या पेटीवादनाविषयी माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहितील. मी लिहितो आहे ते त्यांच्या धंद्याविषयी, कारण माझ्या मते त्यांचं खरं गाणं तिथंच आहे. अप्पांनी कधी दिवसा घर दाखवलं नाही. गिऱ्हाइकाला संध्याकाळी सातनंतर न्यायचं, उंबऱ्यात दोन मिनिटं गप्प उभं करायचं, मग रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवायची, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा जरा हुकलेला दिसतो. पण त्या दोन मिनिटांत शेजारची भांडणं, कुकर, हरिपाठ, अजान, परीक्षेची घोकंपट्टी, सगळं ऐकू यायचं. अप्पांचं म्हणणं, भिंती काय, कधीही बघता येतात. राहायचं असतं ते या आवाजात.

एका डॉक्टर दांपत्याला एक घर फार आवडलं होतं, व्यवहार ठरल्यात जमा होता. शेजारी बँडवाल्यांचा सराव चालतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. अप्पांनी मुद्दाम सरावाच्या संध्याकाळी त्यांना पुन्हा तिथं नेलं. ते जे पळाले ते परत आले नाहीत. घरमालक ऑफिसात येऊन अप्पांना नाही नाही ते बोलला. अप्पा शांतपणे बशीतून चहा पीत राहिले. पुढं ते घर एका निवृत्त एस.टी. ड्रायव्हरनं घेतलं. ते आजही गॅलरीत खुर्ची टाकून रोज फुकटात बँड ऐकतात आणि वर चुकाही काढतात.

तर माझं घर. अप्पा मला घरमालकीण कमलताईंकडे घेऊन निघाले तेव्हा वाटेत मी थांबलो. म्हणालो, "अप्पा, लपवून घर घेणार न्हाय मी." अप्पाही थांबले. "लपवायला कोण सांगितलं? मी विचारत न्हाय, एवढंच. तुमी सांगा की." मग कमलताईंच्या उंबऱ्यात मीच सांगितलं. त्या पदर नीट करत अप्पांकडे पाहू लागल्या. तो रंगाचा नाहीतर पुतण्याचा क्षण होता, मला तो पाठ झाला होता.

अप्पांनी विचारलं, "ताई, गेल्या टायमाला ह्या घरात मी कोण आणून ठिवला होता?"

"नाव काढू नका त्याचं," कमलताई उसळल्या. "पहाटं चारला उठून गायचा मेला! म्हैस दूध दिना झाली ओ माझी."

हे भाडेकरू म्हणजे एक निवृत्त तलाठी. गाण्याची आवड आहे का, या प्रश्नाला त्यांनी 'प्रचंड' असं उत्तर दिलं होतं आणि ते खरंही होतं. सूर मात्र त्यांच्या वाट्याला आला नव्हता. सगळी गल्ली अप्पांच्या ऑफिसात तक्रार घेऊन आली होती. अप्पा अजूनही कबूल करतात, "आवड इचारली मी. सूर इचारायचा राहून गेला."

"आवंदा हात ऐकून आणलाय," ते कमलताईंना म्हणाले. ताईंना हसू आवरेना. तरी हो म्हणाल्या नाहीत. चार दिवसांनी सांगते म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला. मधल्या दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कधी विचारलं नाही. आम्ही तिथं अकरा वर्षं राहिलो. माझ्या मुलीला चालायला त्यांनीच शिकवलं.

'अमुक लोकांना नको' अशी अट घालणाऱ्या मालकाला अप्पा एवढंच म्हणत, "मग दुसरा माणूस बघा." त्यामुळे मोठी प्लॉटिंगवाली मंडळी त्यांच्यापासून लांबच राहिली. गौरवग्रंथात दोष लिहू नयेत म्हणतात, पण लिहितो. अप्पा हट्टी आहेत, ऑफिसच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी गाण्याची बैठक भरवतात तिला उशिरा येणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा करतात, आणि रंगात आले की लय इतकी वाढवतात की माझे हात भरून येतात. वर म्हणतात, ढोलकीच पळाली.

गुरुवारची ती बैठक म्हणजे धाराशिवातल्या बऱ्याच जणांचं माहेर. माझी आई माकणीहून राहायला आली तेव्हा तिला शहर काही मानवेना. रोज सकाळी पिशवी भरून एस.टी.ची वेळ विचारायची. अप्पांच्या कानावर गेलं. "आईला गुरुवारी आणा," म्हणाले. आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यात तिनं स्वतः जुळवलेल्या बाबासाहेबांच्याही होत्या. सतरंजीवर बसली, पण पेटी पाहून तोंडच उघडेना. अप्पा म्हणाले, "आई, तुमी म्हणा. पेटी येती मागनं." आणि खरंच आली, आईच्या सुरामागं चाचपडत, अदबीनं. आई त्यानंतर चार वर्षं, अगदी शेवटपर्यंत, आमच्याकडे राहिली. पिशवी पुन्हा भरली नाही. या एका गोष्टीसाठी मी अप्पांचा जन्मभर ऋणी आहे.

आणि यंदा अप्पांवरच घर शोधायची वेळ आली. गावाला घरं मिळवून देणारे अप्पा स्वतः तीस वर्षं भाड्यानं राहिले. जुने मालक वारले, त्यांच्या वारसांना तिथं दुकानं काढायची होती. काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, जाऊन सहा वर्षं झाली. अप्पा घरं पाहू लागले तेव्हा त्यांना नवाच प्रश्न ऐकावा लागला. "वय किती?" एकटा म्हातारा माणूस, रात्री-बेरात्री काही झालं तर कोण धावणार? तीन घरांनी त्यांना परत पाठवलं. हा आकडा ऐकून मला बरं वाटलं नाही. पुण्याचा मुलगा कधीपासून बोलावत होता. अप्पांनी पेटी चादरीत बांधली.

आमच्या घराचा प्लॉट अप्पांनीच पाहून दिलेला. मुलीच्या लग्नानंतर वरची खोली रिकामीच आहे. सुनंदा, माझी बायको, रोज म्हणायची, "इचारा की." माझा पाय उचलत नव्हता. अप्पा आमच्याकडे शंभरदा जेवले आहेत, तरीही. जेवून जाणं वेगळं आणि उतारवयात आमच्या घरी राहायला येणं वेगळं. त्यांचे भाऊबंद आहेत, सोयरे आहेत. मला नकाराची भीती नव्हती. नकाराचं कारण ऐकायची होती. पंचवीस वर्षांचा विश्वास त्या एका वाक्यात गेला असता, आणि तो गेल्यावर माझ्यापाशी फारसं काही उरलं नसतं.

शेवटी एका सकाळी ऑफिसात जाऊन सांगून टाकलं, पहिल्या दिवसासारखंच, उभ्या उभ्या, एका दमात. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "संध्याकाळी बघू घर," म्हणाले.

सातनंतर आले. जिना चढायला वेळ लागला. उंबऱ्यात दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि त्या दोन मिनिटांत माझ्या घरात काय काय ऐकू येतं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. मग आत जाऊन त्यांनी टाळी वाजवली. "खिडकी मावळतीला हाय," म्हणाले, "उन्हाळ्यात लई तापंल खोली." स्वतःलाही घराचा दोष सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. मग सुनंदाकडे वळले. "तुमच्या घरात काय वाजतं?"

"सकाळी वंदना," सुनंदा म्हणाली, "मग कुकर. गुरुवारी तुमी वाजवा."

"हौदु," अप्पा म्हणाले. मला तिथं थांबवेना. जिन्यात येऊन उभा राहिलो.

आता जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला आहे. मावळतीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आहे, तो भिजवायचं काम माझं. अप्पांचे गुडघे, कान आणि बोटं अशीच शाबूत राहोत, त्यांनी शंभरी इथंच, आमच्या डोक्यावर पेटी वाजवत गाठावी, आणि लय थोडी आवरती घ्यावी, ही मनापासून इच्छा. संपादकांनी हा लेख दोनदा परत पाठवला. अप्पांचं पूर्ण नाव, आडनावासह, घाला म्हणाले. मी घातलेलं नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे यावं, जिना चढून वर जावं आणि अप्पांनाच विचारावं. सांगतील ते. पण तुमचं विचारणार नाहीत.