काकूंच्या पलंगामागची भिंत

आमची आत्या भित्री होती, हे घरात कुणी लपवून ठेवलं नव्हतं. गॅस बंद केलाय का ते बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत यायची. कुलूप ओढून बघायची, आणि वळणापर्यंत गेली की पुन्हा मागं. बाबा म्हणायचे, "हिचा कुलपावर आहे तेवढाही भरवसा स्वतःच्या हातावर नाही." ती एका इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले यांच्या ढिगाऱ्यात तिचे दिवस जात, आणि उरलेलं आयुष्य भाड्याच्या खोल्यांमध्ये. लग्न केलं नाही. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर एक दिवस ती "मी घर बांधतेय" म्हणाली, तेव्हा बाबांचा चहा कपातून थेट बशीत गेला.

जागा म्हणजे दोन जुन्या घरांमधली अरुंद पट्टी. उजवीकडच्या घरात घड्याळवाले काका आणि काकू राहायचे. काकांनी दुकान बंद केलं होतं, पण डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसायची सवय सुटली नव्हती. काकूंचं कमरेखालचं अंग गेलेलं. त्या आतल्या खोलीत पलंगावर असत, आणि तो पलंग आत्याच्या जागेकडच्या भिंतीला लावलेला होता, कारण त्या भिंतीत वर एक झरोका होता. आत्याचं घर उभं राहिलं की झरोका बुजणार. काका पहिल्या दिवसापासून फुगून बसले होते. आत्या रोज जाता-येता "काका, बरे आहात ना?" विचारायची आणि काका रोज घड्याळात बघायचे.

काम सुरू झालं आणि तिची झोप उडाली. ठेकेदार माणूस तसा वाईट नव्हता, पण घाईचा. त्याच्या तोंडात कायम "होऊन जाईल, मॅडम". आत्याला त्याच दोन शब्दांची धास्ती बसली होती. विटा आल्या की ती दोन विटा एकमेकींवर वाजवून बघायची. बद्द आवाज आला की गाडी परत. वाळू काचेच्या बरणीत पाण्यात हलवून ठेवायची आणि खाली किती माती बसते ते बघायची. मजूर हसायचे. ठेकेदार म्हणायचा, "मॅडम, वाळूचं लोणचं घालताय का?" तीही हसायची, पण दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन हजर.

पायाबद्दल इंजिनिअरने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. काकांच्या भिंतीलगतचा चर एकदम खणायचा नाही. एक तुकडा खणायचा, तो बांधून भरून काढायचा, मग पुढचा. नाहीतर त्या जुन्या भिंतीच्या पायाखालची मातीच निघून जाईल. आत्याने हे ठेकेदाराकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

आणि एका दुपारी, ती इस्पितळात असताना, ठेकेदाराचा फोन आला. "मॅडम, खुशखबर! मशीन आजच मोकळं मिळालं. सगळी खोदाई उरकली!"

आत्या हातातलं काम टाकून तशीच निघाली. तिने मला बोलावलं, कारण माझं ऑफिस जवळ होतं. मी पोचले तेव्हा ती चराच्या काठावर उभी होती, पदर तोंडावर घट्ट धरून.

चर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. काकांच्या भिंतीच्या पायाचे दगड, हिरडी सुटलेल्या दातांसारखे, मुळापर्यंत उघडे पडले होते. खाली दोन मजूर फावड्याने तळ सारखा करत होते.

"वर या," आत्या म्हणाली. "दोघंही. आधी वर या."

"अहो मॅडम, थोडंच राहिलंय," ठेकेदार म्हणाला.

"वर या!" तिचा आवाज इतका चिरकला की समोरच्या घरातलं माणूस दारात आलं. मजूर एकमेकांकडे बघत, हसू दाबत वर चढले.

मग तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथली माती काळपट ओली होती. मशीनच्या दातांनी काकांच्या मोरीचा पाइप फोडला होता. कुणी मोरीत तांब्याभर पाणी ओतलं की ते भिंतीच्या बुडाशी झिरपत होतं, आणि माती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटून पडत होती. आम्ही बघत असतानाच एक ढेकूळ सुटलं. आवाज अगदी बारीक झाला. पण तो ऐकून मी काठापासून मागं सरले.

तिने इंजिनिअरला फोन लावला. तो दुसऱ्या गावी होता. "चरात कुणालाही उतरू देऊ नका," तो म्हणाला. "आणि त्या घरातली माणसं बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. टेकू द्यायला माणसं पाठवतो, पण त्यांना वेळ लागेल."

"इंजिनिअर लोकांना घाबरवायलाच शिकवतात," ठेकेदार म्हणाला. "मॅडम, आपण जन्मायच्या आधीपासून ही भिंत उभी आहे." पण तो बोलत होता भिंतीपासून चांगलं लांब उभं राहून.

आत्या काकांच्या दारात गेली. मी मागोमाग. तिने हात जोडून सगळं सांगितलं. काकांनी भिंग काढलं, पुसलं, आणि म्हणाले, "आधी उजेड घ्यायचा, मग आम्हालाच बाहेर काढायचं. कळतात मला हे डाव."

"डाव नाही हो, काका. भिंत पडेल."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

आत्याची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. ते अर्धंच उघडं होतं. तिने ढकललं, हललं नाही.

"हे कधीपासून अडकतंय?"

"दुपारपासून. लाकूड फुगलं असेल."

"काका, इतकी कोरडी हवा. लाकूड कशाने फुगेल?"

काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता आत्या रडणार. त्याऐवजी ती त्या अर्ध्या दारातून अंग चोरून आत शिरली आणि काकूंच्या पलंगावर, भिंतीला पाठ लावून बसली.

"मग मी इथं बसते," ती म्हणाली. "तुम्ही निघालात की उठेन."

मी दारातून बघत होते. तिचे गुडघे असे लटपटत होते की पलंगाचा एक पाय फरशीवर टकटक वाजत होता. "आत्या, बाहेर ये," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

काकूंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. "अगं, किती कापतेयस."

"भीती वाटतेय, काकू."

"मग ऊठ की."

"तुम्हाला घेतल्याशिवाय नाही."

काकू काकांना हाक मारून म्हणाल्या, "अहो, मघापासून या भिंतीत काहीतरी सरकतंय. उंदीर असेल म्हणून बोलले नाही. जरा ऐका बरं."

काका आत आले. जन्मभर ज्या कानाने घड्याळं ऐकली तो भिंतीला लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी कपाळावरची आठी गेली, मग चेहऱ्याचा रंगच गेला. आणि तेव्हा मलाही ऐकू आलं. भिंतीच्या पोटातून रेती ओघळल्यासारखी बारीक, सलग सरसर.

"हिला उचला," काका म्हणाले.

पण काकूंना घेऊन त्या अर्ध्या दारातून निघणं शक्य नव्हतं. मी ठेकेदाराला हाक मारली. तो पहार घेऊन आला, चौकटीवरून गेलेली ताजी भेग त्याने बघितली आणि त्याच्या तोंडातले ते दोन शब्द तोंडातच राहिले. त्याने पहार उगारली, तशी आत्या ओरडली, "धक्का देऊ नका! बिजागऱ्या काढा."

काका धावत पेचकसांची डबी घेऊन आले. सगळे काडीएवढे. "काका, हे घड्याळाचे आहेत!" ठेकेदार जवळजवळ रडत म्हणाला. शेवटी मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. तिच्या टोकाने तो एकेक स्क्रू सोडवत होता आणि वरून त्याच्या केसांत माती पडत होती. ती झटकायलाही त्याने हात वर केला नाही.

दार निघालं. आत्याने काकूंच्या अंगाखालची चादर दोन्हीकडून गुंडाळली. "कड अशी गुंडाळून धरा, नुसती धरली तर सुटते," ती म्हणाली. इस्पितळात पेशंटना असं चादरीत उचलताना ती रोज बघायची. ठेकेदार, दोन मजूर आणि आत्या, चौघांनी काकूंना उचललं. मघाशी हसणारे तेच दोघं. रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर काकूंना टेकवलं, आणि काका वळले.

"माझं भिंग राहिलं."

आत्याने त्यांची बाही पकडली. काका ओढत राहिले, ती सोडेना. बाही खांद्यापाशी टरकन फाटली. ते तिला काहीतरी बोलणार, तेवढ्यात भिंत गेली.

मोठा स्फोट वगैरे काही झाला नाही. जड पोतं फरफटत न्यावं तसा आवाज झाला, मग दगडांचा, मग धूळ. धूळ बसली तेव्हा रस्त्यावरूनच ती खोली दिसत होती. पलंग दिसत नव्हता. त्यावर दगड होते. आणि मघाशी दोन मजूर जिथं तळ सारखा करत होते तिथंही.

ठेकेदार रस्त्यातच खाली बसला. त्या दोन मजुरांकडे बघून "मॅडम, हे..." एवढंच त्याला म्हणता आलं.

काका-काकू आत्याच्या भाड्याच्या घरी राहायला आले आणि बरेच महिने राहिले. आत्या जागा विकून टाकेल असं सगळ्यांना वाटलं. बाबांनी विचारलंही. ती म्हणाली, "रोज वाटतं विकावी. पण मी निघून गेले तर त्यांच्या घराखालचा खड्डा कोण भरणार?"

आधी काकांची भिंत बांधली गेली. ठेकेदाराने ती स्वतः बांधली, एकेक तुकडा करत, आणि पुढच्या तुकड्याला हात लावण्याआधी आत्याच्या येण्याची वाट बघत. ती आली की बाजूला होऊन तो म्हणायचा, "बघून घ्या." आत्याने आपलं घर त्या भिंतीपासून हातभर मागं घेतलं. त्यात तिचं स्वयंपाकघर इतकं अरुंद झालं की दोन बायका उभ्या राहिल्या तर एकीला श्वास आत ओढून घ्यावा लागतो. काकांचा झरोका मात्र उघडा राहिला. काकांनी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. उलट, "आमच्या घरी भाजीत मीठ कमी असतं," अशी आत्याच्या स्वयंपाकाबद्दलची तक्रार ते येईल त्याला सांगत राहिले, आणि "आमच्या घरी" म्हणताना आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आत्या आता स्वतःच्या घरात राहते. सुरुवातीला रस्त्यावरून जड गाडी गेली आणि फळीवरच्या कपबशा खणखणल्या की ती गॅस बंद करून, चपला न घालता थेट रस्त्यावर जाऊन उभी राहायची. पुढं पुढं उंबऱ्यापर्यंतच जायला लागली. परवा मी तिच्याकडे होते तेव्हा ट्रक गेला. पोळी लाटता लाटता तिने लाटणं थांबवलं, मान जरा कलती करून ऐकलं, आणि मग पुन्हा लाटायला लागली.