पावल्यांची माळ आणि भाऊजींचा गठ्ठा

माझ्या थोरल्या दिरांइतकं वर्तमानपत्र वाचलेला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतक्या उशिरा वाचणाराही पाहिला नाही. जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात कारकुनी करून ते मोखाड्याला घरी बसले होते. मुंबईचं पत्र बसने यायचं. आलं की भाऊजी ते न उघडता गठ्ठ्यावर ठेवायचे आणि तळातला सगळ्यात जुना अंक काढायचे. रोज एक अंक, पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. ताप आला, कुठे लग्नाला गेले, की गठ्ठा वाढायचा, पण मधला अंक सोडून पुढचा उघडणं त्यांना जेवायच्या आधी हात धुऊन उठल्यासारखं वाटे. त्यामुळे आमच्या घरी जग नेहमी पंधरवडाभर मागे असे. संस्थान विलीन होऊन जव्हारात नवे साहेब येऊन बसले, तरी आमच्या ओट्यावर महाराजांचंच राज्य चालू होतं. कोणी सांगायला आलं तर भाऊजी म्हणत, “अजून तिथवर आलो नाही.”

बाजाराच्या दिवशी ते वडाखाली बसून आधी आठवड्यात घरी वाचलेल्या अंकांतलं थोडक्यात सांगत, मग तारीख सांगून पाळीचा अंक मोठ्याने वाचत. पाड्यांवरची माणसं मीठमिरची घ्यायच्या आधी तिथे बसत. भाऊजींनी वाचलं म्हणजे ते झालंच. कोणाकडून कधी सुपारीचं खांड घेतलं नाही त्यांनी. नवे पैसे येणार होते त्या सुमाराला, एका बाजारी जो अंक पाळीला आला त्यात पहिल्याच पानावर बोटाएवढ्या अक्षरांत होतं, जुनी नाणी जाणार. भाऊजींचा आवाज असा, की नाणी काय, समोरचा डोंगरही गेला असं वाटावं. पुढच्या बाजाराला जुनी चार आण्यांची पावली कोणी हातात धरीना. घाटावरचा एक फेरीवाला तेवढा घेत होता, बदल्यात काचेच्या बांगड्या देत होता. त्याला चांदी कळत होती, आमच्या लोकांना कागद.

सूर्यमाळ गावची सोमी माझ्याकडे जंगलातला हिरडा विकायला घेऊन यायची. तिच्या गळ्यात आईची माळ होती, जुन्या चांदीच्या पावल्यांची. त्या बाजारी माळ हातात काढून ती फेरीवाल्याकडे निघालेली दिसली. मी विचारलं, डोकं फिरलंय का तुझं. ती म्हणाली, “कागदात आलाय, बाय. पावल्या मरनार. आयची हाय म्हनून मेलेली माळ गळ्यात घालू का?”

मी तिला थांब म्हटलं, घरी गेले आणि बाजाराला निघायच्या तयारीत असलेल्या भाऊजींना सांगितलं, गठ्ठ्यात पुढे काय आहे ते बघा. मग ते देवाची क्षमा मागावी तसे हात लावून पुढचे अंक चाळू लागले. सगळ्यात वरच्या अंकात आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं. जुनी नाणी लगेच बंद नाहीत, नव्यांबरोबर चालतील, पावलीची किंमत जाणार नाही. भाऊजी म्हणाले, “जाणार म्हणायला एवढं तोंड, आणि राहणार म्हणायला एवढंसं?” ते रागावलेले मी तेव्हाच पाहिले.

अनवाणीच बाजारात जाऊन त्यांनी ती बातमी वाचायला घेतली, तर सोमीच म्हणाली, “दादा, ह्यो तं पुढला कागद. मधले कुठं हायत?” सगळा बाजार माना डोलवू लागला. त्यांनीच लावलेली शिस्त. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, गठ्ठा आण.”

मग त्यांनी मधले सगळे अंक वाचले. वारलेले पुढारी, धान्याचे भाव, खोकल्याचं औषध, काही गाळलं नाही. सोमी माळ मुठीत धरून पुढ्यात बसली होती. फेरीवाला येऊन बघून जायचा. शेवटी त्याने गाठोडं आवळलं आणि जव्हारची बस धरली. ती बातमी आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि भाऊजींचा आवाज पार बसला होता. नुसती कुजबुज, पण मागच्या माणसालाही ऐकू गेली, इतका बाजार गप्प होता. सोमीने माळ गळ्यात घातली आणि मीठ घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींपुढे एकच अंक उरला होता, ताजा. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे बसून होते. मग आठ दिवस त्यांनी काही वाचलंच नाही, गठ्ठा पुन्हा नीट होईपर्यंत.

ते गेले तेव्हा गठ्ठा बराच उंच होता. मी तो रद्दीत घालणार होते, उगाच जागा अडत होती. सोमी भेटायला आली, माळ गळ्यात. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण मला वाचता येतं हे तिला ठाऊक होतं. उंबऱ्याशी बसून ती गठ्ठ्याकडे बघत राहिली, हलेना. शेवटी मी वाचून दाखवायला वरचा अंक उचलला.

“त्यो नको, बाय,” ती म्हणाली. “खालून काढा.”