थेंब गळू दे

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. आम्ही टँकरच्या गावची माणसं. इतक्या लांब इंदूरला येऊनही वाया जाणारं पाणी बघवेना. खोलीतल्या दत्तूदादानं व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलं.

“अरे, बॉम्ब केलात की घरात!” म्हणत घरमालकीण काकूंनी आधी बटण बंद केलं. “आतला दाब जायचा कुठून?”

सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी हे नीट समजावलं. उपकारच त्यांचे.

तेव्हापासून गळणाऱ्याचा धीर वाटतो, भीती वाटते ती कोरड्याची. दत्तूदादाची आई गेली, तरी तो रडला नाही. रोज हसत कामावर जातो. आजही हसतच म्हणाला, “तू जेवून घे रे, मी गच्चीवर जाऊन येतो.”

ताट तसंच ठेवून मी त्याच्यामागे जिना चढलो.