तोंडाला पदर बांधून विचारलेला प्रश्न

लेख फार उशिरा पाठवत आहे, गौरव अंकाच्या संपादक मंडळींनी रागावू नये. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, त्यात सध्या चित्त थाऱ्यावर नाही. नंदुरबारात कान तपासणाऱ्या आमच्या सुनंदाताई साठ वर्षांच्या झाल्या, याचा आनंद आहे. बाकीचे त्यांच्या शांत स्वभावाबद्दल लिहितील. त्या शांतपणाने माझ्यासारख्याचा जीव किती टांगणीला लागतो, ते मी लिहितो.

माझी बायको यशोदा आमच्या रनाळ्याहून मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, देठ खुडायला जाते. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. घरी माझे बोलणे तिला समजायचे, पण पथारीवर हाक मारली तर मान वर नाही. मुकादमीण म्हणायची, "घरमा ऐकू येस, आठेच कशी बहिरी व्हस? सोंगाडी!" मी वैतागलो आणि तिला घेऊन ताईंकडे गेलो. ताईंची माझी ओळख त्याच दिवशीची. म्हटले, मशीनचा आवाज वाढवा.

ताईंनी कानातला मळ पाहिला, मशीनची नळी पाहिली, सेल पाहिला. आवाज काही वाढवला नाही. उलट मलाच विचारले, "बाबा, पथारीवर बाया तोंडाला काय बांधतात?"

हा काय प्रश्न झाला? मिरचीचा ठसका लागतो, पदर बांधतात!

ताईंनी लगेच आपला पदर नाकातोंडावर बांधला आणि मोठ्याने म्हणाल्या, "यशोदामाय, तुन्हा मोठा आंडोर कोठे गया?"

"हाव, आत्तेच पिधा चहा."

मला हसू आले; विचारले मोठा मुलगा कुठे गेला, उत्तर आले चहा प्याल्याचे. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सोडला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. "सुरतले गया ना," यशोदा म्हणाली.

"घरी त्या तुमचे ओठ वाचतात, बाबा. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. रेडिओला स्टेशनच लागले नाही, तर आवाज वाढवून खरखरच वाढेल."

"मग दुसरे मशीन द्या!"

"नाही. चांगले मशीन नीट बसवूनही शब्द उलगडत नसतील, तर मशीनवरच थांबायचे नसते. कानाच्या आत ऑपरेशनने यंत्र बसवतात. ते यांना चालेल का, ते मोठ्या दवाखान्यात तपासतील. सगळ्यांनाच चालत नाही."

एवढे खरे बोलायची काय गरज होती? मशीन बदलून दिले असते, तर मी खुशीत घरी गेलो असतो.

पुढे ताई स्वतः पथारीवर आल्या. खोकून खोकून डोळे लाल झाले, तरी मुकादमिणीला म्हणाल्या, "हाई सोंग नही शे, माय. समोर येईसन, फडका सोडीसन बोल."

"फडका सोडीसन बोलनू ते खोकी खोकी मरसू मी!"

"मंग खांदाले हात लाव."

तेव्हापासून ती हात लावते. कुरकुरत का होईना.

ताईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे स्वतःचे कान शेवटपर्यंत शाबूत राहोत, आमची कटकट ऐकायला लागतील.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. ऑपरेशन होणार की नाही, याचा निरोप तिथून ताईंकडेच यायचा आहे. यशोदा रोज माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "निरोप उना का?" मी म्हणतो, "नही उना." एवढे मात्र तिला पहिल्याच खेपेला समजते. ताई, हो असो की नाही असो, लवकर कळवा.