मोफत उपचार आणि पुण्याचा रस्ता

बाळांनो, काल फोनवर तुम्ही गावच्या माणुसकीचं कौतुक केलंत, म्हणून आजच लिहिते. मला संताप आला आहे. सुदुंबरे गावाहून आपल्याकडे दूध घालणाऱ्या मावशींना कर्करोग झाला. पुण्यात किरणांचा शेक मोफत होता, पण रोज जावं लागे. मध्येच त्यांनी जाणं सोडलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या,

"औषध फुकट हाय, बाई. तितं पोचायचं फुकट न्हाई."

त्यांच्या गावातल्या किराणा दुकानदाराला हे कळलं, तसा तो त्यांना म्हणाला, "मावशी, आमचा टेम्पो रोज माल आणाया पुण्याला जातो. पुढं बसा. डायवर लय बडबडतो, तेवढं सोसा."

उपचार पूर्ण झाले. पण ज्या गावाहून टेम्पो निघत नाही, तिथल्या बाईनं घरी बसून मरायचं? उपचार मोफत करणाऱ्यांना रस्ता दिसला नाही?

मावशी आज आपल्यात आहेत. टेम्पोतली पुढची जागा अजूनही रुग्णासाठी राखलेली असते.