वंदनाताईंच्या अंगणातलं ऊन

ऊन आवडतं हे नागपुरात कुणापुढे बोलायची सोय नाही. चैत्र लागला की खिडक्यांत कुलर बसतात, हिरव्या जाळ्या चढतात आणि सकाळीच दारं लोटली जातात. वंदनाताई मात्र उजाडलं की पूर्वेची खिडकी सताड उघडत. उन्हाचा पट्टा फरशीवर उतरला की त्यातच पाट टाकून भाजी निवडायला बसत.

माहेरी त्या बहिणींत सर्वांत सावळ्या. बहिणी गच्चीवर पापड वाळत घालायच्या आणि वंदना आतल्या अंधाऱ्या खोलीत लाट्या करत बसायची. "उन्हात नको जाऊ, अजून काळी पडशील. मंग कोण पसंत करन तुले?" आई म्हणायची.

लग्न होऊन त्या कोराडीला आल्या. नवरा, मधुकरराव, वीज केंद्रात नोकरीला. क्वार्टर तळमजल्यावर आणि समोर दुसरी इमारत, त्यामुळे ऊन जिन्यापर्यंत येऊन परत फिरायचं. कपडे बाहेर टाकावेत तर त्यांवर वीज केंद्राची राख. ताईंनी निम्मा संसार भरदिवसा बल्ब लावून केला.

मधुकरराव निवृत्त झाले आणि वाडीला, गोदामांच्या मागच्या वस्तीत त्यांनी घर बांधलं. ताईंनी एकच गोष्ट मागितली. "पूर्वेले अंगण पाहिजे मले. एक खोली कमी झाली तरी चालन."

अंगण झालं. त्यात मोगरा आला, लिंबू आलं, कुंड्यांतून मिरच्या लागल्या. न्हाऊन केस मोकळे सोडून ताई तिथे बसत, पाठ शेकत, डोळे मिटून घेत. अंगात ऊन मुरतंय असं त्यांना वाटे आणि ते सुख त्या कुणाला समजावून सांगायच्या फंदात पडत नसत.

मागच्या उन्हाळ्यात मुलानं, दुर्गेशनं, नवी गाडी घेतली.

"आई, अंगणावर पत्रे टाकून राहिलो. गाडी लय तापते. तुलेबी सावली होईन."

"सावली मी कधी मांगितली तुले?"

"काय वं आई! लोकं उन्हाच्या नावानं बोंबलून राहिले अन् तुले ऊन पाहिजे!"

"दुपारी मीबी दार लावूनच बसते. पण सकाळचं ऊन माझं हाये."

दुर्गेशनं ते हसण्यावारी नेलं. रविवारी सकाळी वेल्डर ओमप्रकाश टेम्पोत लोखंडी पाइप घालून दारात हजर. अंगणाच्या मधोमध खाट होती, तिच्या चहूबाजूंनी साड्यांवर कुरड्या, आणि खाटेवर ओले केस पाठीवर पसरून वंदनाताई.

"काकू, खड्डे कराचे हायेत. जरा उठता का?"

"नाही उठत."

"धूप तेज होऊन राहिली, काकू."

"होऊ दे. कुरड्या लवकर वाळतीन."

आवाज ऐकून दुर्गेश बाहेर आला आणि चिडून म्हणाला, "आई, तमाशा नको करू! चेहरा पाह्य जरा आरशात, किती काळा पडून राहिला!"

बोलला आणि स्वतःच चपापला. ताईंनी पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"हे मी फ्रॉक घालत होती तवापासून ऐकून राहिली, दुर्गेश. पडू दे काळा. ज्याले पाहवत नसन त्यानं आत जावं. मी लय वर्षं आत बसली, आता नाही बसत."

आतापर्यंत मधुकरराव पेपरामागे दडले होते. ते उठले, डोक्याला दुपट्टा बांधला आणि खुर्ची उचलून कुरड्या चुकवत खाटेजवळ येऊन बसले. आयुष्यात बायकोची बाजू त्यांनी अशी उघड्यावर क्वचितच घेतली होती.

"ओमप्रकाश, चहा घे अन् पाइप वापस घेऊन जा गा," ते म्हणाले.

ओमप्रकाशनं चहा घेतला, दोन ओल्या कुरड्याही खाल्ल्या आणि गेला.

दुर्गेश बरेच दिवस घुश्शात होता. गाडी अजून रस्त्यावरच उभी असते. दार उघडून तो सीटवर टेकतो आणि चटका बसला की तिथूनच ओरडतो, "पाह्य आई, भाजलो ना!"

"टॉवेल टाक," ताई अंगणातून सांगतात आणि पाठ उन्हाकडे फिरवतात.